ताप उतरला, तरी दम लागतोय?

पावसाळा सरत आला की लोणंद, खंडाळा, फलटण भागात तापाचे रुग्ण वाढतात. कुणाला साधा व्हायरल, कुणाला डेंग्यू, कुणाला चिकुनगुन्या. बहुतेक जण आठवडाभरात कामाला लागतात. ताप उतरूनही ज्यांना बरं वाटत नाही, त्यांच्यासाठी आजचा सल्ला. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी तर तो जरूर वाचावा.

तापात किंवा त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत छातीत दुखणं, जिना चढताना धाप लागणं, विनाकारण धडधड, आडवं झालं की दम कोंडणं, चक्कर येणं, यातलं काही जाणवलं तर ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावू’ म्हणत अंगावर काढू नका. विषाणूमुळे, किंवा विषाणूशी लढताना आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. या आजाराला मायोकार्डायटिस म्हणतात. तो सर्रास होत नाही आणि झालेले बरेच रुग्ण ठणठणीत बरे होतात. मात्र सूज असताना जोर केला, तर हृदयाचे ठोके अचानक बिघडून जिवावर बेतू शकतं. ताप उतरला की लगेच १६०० मीटर धावायला मैदान गाठू नका, ते यासाठीच.

सुरुवात ईसीजी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीने होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं. पण ते हार्ट अटॅकमध्येही वाढतं, म्हणून काही रुग्णांना आधी अँजिओग्राफी करून रक्तवाहिनीत अडथळा नाही ना, हे पाहावं लागतं. टूडी इकोमध्ये हृदय किती जोराने रक्त ढकलतंय आणि त्याच्याभोवती पाणी साचलंय का, ते कळतं. सूज थोडी असेल तर हे काम व्यवस्थित चालू असतं आणि इको नॉर्मल येतो. तक्रार कायम असेल, ट्रोपोनिन वाढलेलं असेल, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

अशा वेळी हृदयाचा एमआरआय उपयोगी पडतो. स्नायूत साचलेलं सुजेचं पाणी त्यात दिसतं. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काही मिनिटांनी काढलेल्या चित्रांत निरोगी स्नायू काळा आणि इजा झालेला भाग पांढरा उमटतो. हार्ट अटॅकमध्ये हा पांढरा पट्टा स्नायूच्या आतल्या थरापासून सुरू होतो. मायोकार्डायटिसमध्ये तो बहुधा बाहेरच्या कडेला किंवा मधल्या थरात असतो. यावरून निदान कसं करायचं याचे ‘लेक लुईस’ नावाचे निकष २००९ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. तक्रारी सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत तपासणी झाली तर सूज पकडण्याची शक्यता जास्त असते.

एमआरआय असलेल्या प्रत्येक केंद्रात हृदयाचा एमआरआय होतोच असं नाही. त्यासाठी पुण्याला जाण्याआधी फोन करून विचारा. तपासणीला पाऊण ते एक तास लागतो, सांगितल्यावर थोडा वेळ श्वास रोखावा लागतो. क्ष-किरणांचा संबंध नाही. पेसमेकर, शरीरातला धातू, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर आधीच सांगा. ताप आलेल्या प्रत्येकाला ही तपासणी लागत नाही. ती हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करा. आणि डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका.

निदान झालं की धावणं, जोर-बैठका, जिम, कुस्ती सारं बंद. साधारण ३ ते ६ महिने विश्रांती लागते. पुन्हा तपासण्या करून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर सराव हळूहळू वाढवायचा. एखादी भरती हुकेल, पुढची देता येईल.

शुद्ध हरपली, धाप वाढत चालली किंवा छातीतलं दुखणं थांबेना, तर मोटरसायकलवर बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा.