आधी कोयता, मग टिलर



उन्हाळ्यातल्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पडीक प्लॉट मिळालाय, पॉवर टिलर भाड्याने आणू का?" माझं उत्तर असतं, आणा, पण सगळ्यात शेवटी आणा.

गेल्या वर्षी आपल्या एका गटाने दहा गुंठ्यांत थेट टिलर घातला. रानमोडी डोक्याएवढी वाढलेली, आत काय आहे ते दिसतच नव्हतं. पंधरा मिनिटांत जुन्या कुंपणाची काटेरी तार रोटरच्या पात्यांत गुंडाळली. तार कापण्यात दुपार गेली, दोन पाती वाकली आणि भाडं पूर्ण द्यावं लागलं. मी तिथेच होते आणि "आधी प्लॉट फिरून बघा" हे मीच सांगितलं नव्हतं. म्हणून या वेळचा पाठ त्यावर.

1. कोयता उचलण्याआधी

सातबारा काढा आणि त्यावर किती नावं आहेत ते वाचा. कोकणात एका सातबारावर आठ-दहा नावं सहज असतात, निम्मे मालक मुंबईला. एकाने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं होत नाही. साफसफाईची खरी मेहनत पहिल्या वर्षी लागते. जमीन स्वच्छ झाल्यावर दुसऱ्या वर्षी मालकाने "आता आम्हीच करतो" म्हटलं, तर गटाचा घाम फुकट जातो. म्हणून किती वर्षं, किती वाटा, हे आधी लिहून घ्या. कुळाच्या भीतीने मालक कागदाला नाही म्हणतात. अशा वेळी भांडू नका, जाणकार वकिलाकडे दोघांनी मिळून जा.

झुडपं काढायला हरकत नाही, पण झाडं तोडू नका. आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा ही झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

2. झाडोरा हातानेच काढायचा

दोघीजणी काठी घेऊन पूर्ण प्लॉट फिरा. काठी आपटत चाला. दगडांच्या फटीत फुरसं असतं, म्हणून दगड हाताने उलटू नका, कुदळीने उलटा. पायात गमबूट हवेत. साप चावलाच तर बांधाबांध नको, मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. तार, बाटल्या, मोठे दगड, खुंट जिथे दिसतील तिथे कापडाची चिंधी बांधून खूण करा आणि मशीन येण्याआधी ते सगळं बाहेर काढा.

रानमोडी फुलण्याआधी, म्हणजे थंडीच्या सुरुवातीलाच कापलेली बरी. बी पडलं की पुढच्या वर्षी दुप्पट काम. घाणेरी नुसती वरून छाटली तर पुन्हा फुटते. मातीखाली तीन-चार इंचांवर तिचं मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे ते परत मूळ धरत नाही. घाणेरीचा पाला गुरांना विषारी आहे, गोठ्यात नेऊ नका.

हराळी आणि लव्हाळा असेल तर जास्तच सावध राहा. रोटर हराळीचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा नवीन हराळी होतो. ती उन्हाळ्यात खणून, वेचून, कडक उन्हात वाळवावी लागते. याला मशीनचा शॉर्टकट नाही.

3. मशीन कोणतं?

पॉवर वीडर हलका असतो, तो चालू शेतातल्या तणासाठी. मुळांनी भरलेल्या पडीक जमिनीत तो उड्या मारतो आणि हात भरून येतात. तिथे जड पॉवर टिलर लागतो. विकत घ्यायचा विचार असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा, महिला शेतकऱ्यांना अनुदानाचा दर जास्त आहे. पण पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी खरेदी करू नका, नाहीतर अनुदान हातचं जातं.

4. चालवताना

• पहिल्या पावसानंतर वाफसा बघा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने फुटावा. चिखलात मशीन घालू नका.
• पहिली फेरी वरवर, दुसरी खोल. पहिल्यांदाच खोल घातलं की मशीन मुळात अडकून पुढे झेपावतं.
• रिव्हर्स घेताना रोटर बंदच हवा. मागे तुमचेच पाय असतात.
• पात्यांत काही अडकलं तर इंजिन पूर्ण बंद करा. "एका मिनिटाचं काम" म्हणून चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही.
• उतारावरून खाली येताना वळणाचा क्लच दाबला तर मशीन उलट्या बाजूला वळतं. नवख्या ताईने उतारावर शिकू नये, सपाटीवर शिकावं.
• ओढणी नको, पदर मोकळा नको. सलवार किंवा पँट बरी. मुलं बांधाच्या बाहेर.

साधारण दोन फूट रुंदीचा रोटर धरला, तर दहा गुंठ्यांत एक फेरी म्हणजे जवळपास पावणेदोन किलोमीटर चालणं. दोन फेऱ्या म्हणजे साडेतीन किलोमीटर, तेही थरथरणारी मूठ धरून. म्हणून अर्ध्या तासाने पाळी बदला.

5. पेराल तेवढीच जमीन उघडा

उतारावरची मोकळी माती आपल्या पावसात वाहून जाते. टिलर उताराला आडवा चालवा, बांधालगत गवताचा पट्टा राहू द्या. नांगरलेल्या जागेत लगेच नाचणी, वरी किंवा ताग पेरा. कापलेला पाला जाळू नका. बी आलेला भाग वेगळा काढून बाकीचा बांधाला लावा, कुजून खतच होईल. यंदा पाचच गुंठे झाले तर पाचच. उरलेले पुढच्या वर्षी.

बैठकीत बोलण्यासाठी

1. आपल्या प्लॉटच्या सातबारावर किती नावं आहेत? सगळ्यांशी बोलणं झालंय का?
2. हाताने साफसफाईला किती जणी, किती दिवस? ती मजुरी हिशोबवहीत लिहितो का?
3. मशीन कोण चालवणार? फक्त एखाद्या ताईचे मालकच, की आपल्यातल्या दोघी शिकणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आम्ही शिकणार" असेल तर मला कळवा. सपाट जागा बघून आपण एक दिवस सरावाचा ठेवू. मलाही अजून नीट वळवता येत नाही, तुमच्याबरोबर मीही शिकेन.

तुमची,
क्षेत्रीय समन्वयक