पडवीतील वेल्डिंग यंत्राची सुरक्षित वीजजोडणी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा हा डोंगराळ आदिवासी तालुका आहे. भात, नागली व वरई ही येथील प्रमुख पिके असून शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे. अशा भागात वेल्डिंगचे काम हा शेतीला उपयुक्त जोडधंदा ठरतो. नांगराचा फाळ, ट्रॉलीचा सांधा, घरकुलाची खिडकी किंवा शाळेचे फाटक यांची दुरुस्ती उंबरठाण, बोरगाव, बाऱ्हे यांसारख्या गावांतच झाली, तर ग्रामस्थांचा वेळ व पैसा वाचतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला तरुण घराच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र बसवून हा व्यवसाय सुरू करू शकतो. मात्र प्लग सॉकेटात बसला म्हणजे जोडणी पूर्ण झाली, ही समजूत घातक आहे. प्लग हा जोडणीचा शेवटचा दुवा होय. त्याची निवड यंत्राची गरज, तार, संरक्षक खटका व अर्थिंग यांचा विचार झाल्यानंतरच करावयाची असते.

प्रथम यंत्राची पाटी वाचावी

प्रत्येक यंत्रावरील पाटीवर विजेचा दाब, फेजांची संख्या व यंत्र घेत असलेला प्रवाह दिलेला असतो. घरगुती एकफेजी पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असतो. जुनी ट्रान्सफॉर्मर यंत्रे बहुधा दोन फेजांवर, म्हणजे सुमारे ४०० व्होल्टवर चालतात. त्यांना घरगुती तीन पिनी प्लग कधीही लावू नये. हल्लीची इन्व्हर्टर यंत्रे हलकी असतात व त्यांतील अनेक २३० व्होल्टवर चालतात. परंतु वजन कमी म्हणून त्यांची विजेची गरजही कमी, असे नव्हे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. २.५ मिलिमीटरच्या रॉडने ७० अँपिअरवर काम करताना ठिणगीचा दाब सुमारे २३ व्होल्ट, म्हणजे शक्ती सुमारे १.६ किलोवॅट असते. यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के व शक्तिगुणक ०.७ धरल्यास ते पुरवठ्यातून १२ ते १३ अँपिअर प्रवाह घेते. ३.१५ मिलिमीटरचा रॉड ११० अँपिअरवर चालविल्यास हाच प्रवाह २० अँपिअरच्या वर जातो. म्हणजेच घरातील १६ अँपिअरचे सॉकेट पहिल्या कामाला पुरते, दुसऱ्याला पुरत नाही. दुसऱ्या कामासाठी ३२ अँपिअरचा औद्योगिक प्लग व सॉकेट हवे. दिव्यापंख्यांचे ६ अँपिअरचे सॉकेट तर कोणत्याच वेल्डिंगला चालणार नाही.

तार व खटका

यंत्रासाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तार ओढावी. तांब्याची तार १६ अँपिअरसाठी २.५, २० अँपिअरसाठी ४ व ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटर, असे साधारण प्रमाण धरावे. अंतर अधिक असल्यास किंवा अनेक तारा एकाच नळीतून नेल्यास त्याहून जाड तार घ्यावी. एमसीबी हा खटका तारेचे रक्षण करतो. म्हणून त्याची क्षमता तारेच्या क्षमतेहून अधिक असू नये. खटका वारंवार पडू लागला की मोठा खटका बसविणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणे, हा सर्रास केला जाणारा उपाय प्रत्यक्षात आगीला निमंत्रण देतो. यंत्र सुरू होतानाच्या क्षणिक झटक्याने खटका पडत असेल, तर त्याच क्षमतेचा ‘डी’ प्रकारचा खटका योग्य ठरेल काय, हे परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.

अर्थिंग व गळतीरक्षक

यंत्राच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली, तर संपूर्ण पेटीत वीज उतरते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या कारागिरास हा धक्का प्राणघातक ठरू शकतो. यासाठी प्लगची तिसरी, जाड व लांब पिन अर्थिंगला जोडलेली असलीच पाहिजे.

तथापि, खड्ड्यात नळी पुरली की सुरक्षितता आली, असेही नव्हे. घरच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम व रोहित्राजवळील अर्थिंगचा २ ओहम आहे, असे समजू. दोष उद्भवल्यावर सुमारे ३३ अँपिअर प्रवाह वाहील. ३२ अँपिअरचा खटका तेवढ्याने त्वरित पडत नाही आणि तोपर्यंत यंत्राच्या पेटीवर सुमारे १६५ व्होल्टचा दाब राहतो. सुरगाण्यासारख्या खडकाळ भागात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की हा रोध आणखी वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून ओल राखावी, रोध मोजून घ्यावा आणि त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा गळतीरक्षक अवश्य बसवावा. केवळ ०.०३ अँपिअर गळती होताच तो पुरवठा तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे.

प्लग जोडताना

मेन स्विच बंद करून व टेस्टरने खात्री करूनच काम हाती घ्यावे. जुन्या पद्धतीत फेज लाल, न्यूट्रल काळी व अर्थ हिरवी असे. नव्या केबलमध्ये अनुक्रमे तपकिरी, निळी व हिरवी-पिवळी तार असते. तीन पिनी सॉकेट समोरून पाहिल्यास वरचे छिद्र अर्थचे, उजवे फेजचे व डावे न्यूट्रलचे असते. एमसीबी फेजच्या तारेत असावा. न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवू नये. प्लगच्या आत अर्थची तार इतर दोन तारांहून थोडी लांब ठेवावी, म्हणजे केबल ओढली गेल्यास ती सर्वांत शेवटी सुटेल. स्क्रू घट्ट आवळावेत, कारण सैल जोड तापून प्लग वितळतो. केबलचे बाह्य आवरण पट्टीखाली दाबलेले असावे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कामाच्या लोखंडाला लावावयाच्या चिमट्यालाही कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. तो वेल्डिंगच्या प्रवाहाचा परतीचा मार्ग असतो. प्लगमधील संरक्षक अर्थशी त्याचा संबंध नाही. हा चिमटा सांध्याजवळच लावावा. तो शेडच्या खांबाला किंवा दूरच्या पाइपाला लावल्यास वेल्डिंगचा प्रवाह अर्थिंगच्या बारीक तारेतून वाहून ती जळू शकते. असे झाल्यास यंत्र वरकरणी नीट चालत राहते, परंतु त्याचे संरक्षण मात्र नाहीसे झालेले असते.

ग्रामपंचायत व शाळा यांची जबाबदारी

मंजूर कारणाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत वापर, तर तारांवर आकडा टाकणे ही कलम १३५ अन्वये वीजचोरी ठरते. व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणास महावितरणकडे योग्य वर्गवारीची जोडणी व पुरेसा भार मंजूर करून घेण्यास ग्रामपंचायतीने साहाय्य करावे. जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे.

शाळेचे फाटक किंवा अंगणवाडीची जाळी दुरुस्त करताना उघड्या तारा काडीपेटीच्या काड्यांनी वर्गातील सॉकेटात खुपसल्या जातात. मुख्याध्यापकांनी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अशा कामास परवानगी देऊ नये. योग्य प्लग, अर्थिंग, गळतीरक्षक व मुलांना दूर ठेवण्याची व्यवस्था, या चार अटी कार्यादेशातच नमूद कराव्यात आणि त्यांची पूर्तता समक्ष पाहूनच काम सुरू करू द्यावे.