तपासणी आधी, बिल नंतर

इंग्लंडमध्ये व्हिसा संपलेल्या बाईला दिवस गेले की पहिला सल्ला मिळतो तो "कुठे बोलू नकोस" हा. मला तो माझ्या नवऱ्याने दिला. मी त्याच्या व्हिसावर इथे आले. त्याची नोकरी गेली, मुदत संपली, आणि मग घरात एकच पालुपद सुरू झालं: "डॉक्टरकडे गेलीस तर ते होम ऑफिसला कळवतील. दोघांनाही विमानात बसवतील." माझा पासपोर्ट त्याच्या बॅगेत कुलूपबंद असायचा. हात उगारणं नंतर सुरू झालं.

मी एका हॉटेलच्या किचनमध्ये रोख पैशांवर काम करत होते. दिवसभर उभं राहायचं, भांडी, कांदा, पीठ. पाय सुजायला लागले तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, पोटुशी बाईचे पाय सुजतातच. डोकं ठणकायचं, त्यावर पॅरासिटामॉल. सातव्या महिन्यात डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि उजव्या बरगडीखाली असं दुखायचं की कुशीवर वळता येईना. तेही अंगावर काढलं. माझ्याबरोबर सफाईच्या कामाला नाशिकच्या एक ताई होत्या. एका सकाळी माझा सुजलेला चेहरा पाहून त्यांनी हातातला मॉप ठेवला आणि मला थेट हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात नेलं. रक्तदाब भलताच वाढलेला, लघवीत प्रथिनं. प्रीएक्लॅम्प्सिया. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून मॅग्नेशियम सुरू झालं आणि बाळ मुदतीआधीच सिझेरियन करून काढावं लागलं. आज ते बाळ शाळेत जातं. पण ते काचेच्या पेटीत असताना मला जे समजत गेलं, ते तुम्हाला वेळेत समजावं म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या आईला पहिल्या बाळंतपणात याच आजाराचे झटके आले होते. पहिली खेप आणि आईचा तसा इतिहास, एवढ्यावरूनच इथले डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायला सांगतात. ही गोळी किती साधी आणि स्वस्त आहे, हे कळलं तेव्हा मला खूप रडू आलं. ती मनाने घ्यायची नसते. पण ती मिळण्यासाठी कुणीतरी आईबद्दल विचारावं लागतं, आणि ते पहिल्या भेटीतच विचारलं जातं.

म्हणून पाळी चुकली की सगळ्यात आधी नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये मिडवाइफकडे जायला जीपीची चिठ्ठी लागत नाही. हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाला स्वतः कळवता येतं. पहिली भेट दहाव्या आठवड्याच्या आत व्हायला हवी, कारण थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी तेव्हा करतात. पहिला स्कॅन अकरा ते चौदा आठवड्यांत, दुसरा अठरा ते एकवीसमध्ये. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी. आपल्या भारतीय घरांतल्या बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त असतो, म्हणून ती चुकवू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा. त्यासाठी इंजेक्शन असतं.

आता पैशांचं. इथे खोटा दिलासा देणार नाही. व्हिसा नसेल तर हॉस्पिटलमधल्या प्रसूतीचं बिल लागतं, आणि ते एनएचएसच्या नेहमीच्या दराच्या दीडपट असतं. ऑक्टोबर २०१७ पासून तातडीचे नसलेले उपचार हवे असतील तर पैसे आधी मागतात. पण गरोदरपण आणि बाळंतपण त्यात मोडत नाही. नियमांनुसार प्रसूतीसेवा नेहमीच 'तात्काळ गरजेची' धरली जाते. पैसे नाहीत म्हणून ती नाकारता येत नाही आणि लांबवताही येत नाही. 'ओव्हरसीज'ची, म्हणजे परदेशी रुग्णांचं बिल बघणारी बाई हातात फॉर्म घेऊन कॉटपाशी आली तर घाबरून उठून जाऊ नका. ती पैशांचं काम करते, बाळंतपण थांबवणं तिच्या हातात नाही. मी स्वतः बिलाचं एक पत्र वाचलं होतं आणि त्यातल्या रकमेकडे बघून पुढच्या तपासण्या सोडायचा विचार माझ्या मनात आला होता. ताईंनी तो मोडून काढला.

हॉस्पिटल तुमच्या व्हिसाची स्थिती होम ऑफिसकडे विचारू शकतं, हेही खरं. आणि ५०० पौंड किंवा त्याहून जास्त देणं दोन महिन्यांहून अधिक थकलं, तर पुढे व्हिसाचा अर्ज करताना ते आड येऊ शकतं. म्हणून बिलाचं पाकीट न उघडता गादीखाली सारू नका. हप्ता मागा, परवडेल एवढाच मागा, आणि ठरलेलं लेखी घ्या. मॅटर्निटी ॲक्शन ही संस्था याच प्रश्नावर काम करते; त्यांच्याशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नका. घरात मारहाण किंवा जबरदस्ती झाली असेल तर ते मिडवाइफला एकांतात सांगा. त्या हिंसेमुळे शरीराला किंवा मनाला जे उपचार लागतात, त्यांचे पैसे घेत नाहीत. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. जखमा लपवून मी उलट बिल वाढवत होते.

आणि दुभाष्या हॉस्पिटलचाच मागा. हे मी ठासून सांगते. नवरा, दीर, मोठा मुलगा, मंडळातली ओळखीची काकू, कुणीही नको. बाळंतपणानंतरच्या माझ्या पहिल्या तपासणीला नवरा भाषांतर करत होता आणि "घरी सगळं ठीक आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं. पुढच्या वेळी फोनवर एक मराठी बाई दुभाष्या म्हणून आल्या, तेव्हा मी पहिल्यांदा खरं बोलले.

जीपीकडे नाव नोंदवायला व्हिसा, ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, आणि जीपीच्या भेटीचे पैसे लागत नाहीत. काउंटरवरची मुलगी कागद मागते, कारण तिला नियम माहीत नसतो. "नोंदणी का नाकारता ते लिहून द्या," एवढं शांतपणे म्हणा. तरीही अडलं तर डॉक्टर्स ऑफ द वर्ल्ड या संस्थेला कळवा; ते अशा वेळी दवाखान्याशी बोलतात. गर्भाशयमुखाची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून चौसष्टाव्या वर्षापर्यंत होते आणि तिचं बोलावणं जीपीच्या नोंदणीवरूनच येतं. नाव नसेल तर बोलावणंही नाही.

लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकबद्दल आपल्या बायका बोलतच नाहीत, म्हणून इथे थोडं थांबते. अंगावरून जातं, खाज येते, वास येतो, संबंधांच्या वेळी दुखतं: या सगळ्यासाठी ही क्लिनिकं आहेत. लैंगिक संसर्गाची तपासणी आणि उपचार व्हिसा असो वा नसो मोफत आहेत. एचआयव्हीचे उपचारही ऑक्टोबर २०१२ पासून. तिथलं गुपित तिथेच राहतं. पाळणा लांबवण्याची साधनंही मोफत मिळतात: गोळ्या, इंजेक्शन, तांबी, दंडात बसवायची काडी. नवऱ्याची सही कुणी मागत नाही. बळजबरी झाली असेल तर लैंगिक अत्याचारांसाठीची खास केंद्रं आहेत, तिथे पोलिसांत तक्रार न करताही जाता येतं.

व्हिसा नसेल तर गर्भपात मात्र मोफत सेवांत येत नाही. म्हणून काहीजणी गावाहून कुणाच्या तरी सामानातून गोळ्या मागवतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने तसं केलं. तिचा गर्भ नळीत होता; गोळीने तो पडणारच नव्हता. पोटात रक्तस्राव होऊन ती बाथरूममध्ये कोसळली. किती आठवडे झाले आणि गर्भ नक्की कुठे आहे, हे कळल्याशिवाय गोळीला हात लावू नका. क्लिनिकला फोन करून खर्च विचारा, आणि लवकर विचारा. आठवडे वाढतात तसा तोही वाढतो.

नवऱ्याच्या त्रासातून बाहेर पडताना व्हिसाचं काय, हा प्रश्न उरतोच. नोकरी किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्यांच्या छळ झालेल्या जोडीदारांना फेब्रुवारी २०२४ पासून तीन महिने इथे राहण्याची एक सवलत मागता येते. ती कायमची वाट नाही आणि अर्ज चुकला तर नुकसान होऊ शकतं, म्हणून आधी वकील. साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून आपल्या भागातून आलेल्या बायकांसाठी उभी आहे. तिथे मी आमच्या साताऱ्याच्या बोलीत, मोडक्या हिंदीत, कसंही बोलले तरी कुणी घाई केली नाही.

बाळ झाल्यावर ४२ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा, आणि एक वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयातही. सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे तुमची स्वतःची तपासणी असते. बाळाची करून परत फिरू नका, तुमचीही मागा: रक्तदाब, टाके, झोप, मन. माझा रक्तदाब तेव्हाही वाढलेलाच निघाला आणि त्याची गोळी मला त्या भेटीत मिळाली.