ग्रँड आणि ग्रँडिओज

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें शाळेंत आलेल्या पाहुण्यांस इंग्रजींत आभाराचें पत्र लिहिलें. ‘आपलें भाषण भव्य झालें,’ असें त्यास म्हणावयाचें होतें. कोशांत त्यास दोन शब्द सांपडले: ग्रँड व ग्रँडिओज. लांब शब्दानें अधिक आदर दिसेल असें समजून त्यानें दुसरा घातला. पत्र टपालांत पडण्यापूर्वीं आमच्या दृष्टीस पडलें हें बरें झालें. नाहीं तर आभाराऐवजीं उपहासच पोंचला असता!

दोन्ही शब्दांचें मूळ एकच. लॅटिन भाषेंत ‘ग्रँडिस’ म्हणजे मोठा. परंतु ग्रँडिओज हा शब्द इटालियन व फ्रेंच भाषांतून फिरून एकोणिसाव्या शतकांत इंग्रजींत आला, आणि त्यास निराळा अर्थ चिकटला. जें खरोखर मोठें आहे तें ग्रँड. जें मोठें दिसूं पाहतें, पण ज्याचा डौल योग्यतेहून अधिक, तें ग्रँडिओज. क्वचित् हा शब्द केवळ ‘विशाल’ या अर्थींही येतो. परंतु बहुधा त्यांत निंदा असते. आपल्या भाषेंत ‘भव्य’ आणि ‘भपकेबाज’ यांत जें अंतर, तेंच येथें समजावें.

इंग्लंडांतील दोन इमारती पाहूं. १६६६ च्या आगींत लंडनचें जुनें सेंट पॉल मंदिर जळालें. क्रिस्टोफर रेननें १६७५ पासून सुमारें पस्तीस वर्षें खपून तेथें नवें मंदिर उभारलें. त्याची उंची ३६५ फूट असून तें आजही उभें आहे. १७२३ सालीं रेन वारला. त्याच मंदिराच्या तळघरांत साध्या शिळेखालीं त्यास पुरलें आहे. ही इमारत ग्रँड होय.

विल्यम बेकफर्ड या धनाढ्य गृहस्थानें १७९६ च्या सुमारास फाँटहिल येथें स्वतःसाठीं मठासारखा प्रचंड वाडा बांधावयास घेतला. घाई इतकी, कीं मजूर रात्रींही मशालींच्या उजेडांत राबत. त्याचा उंच मनोरा बांधकाम चालू असतांनाच कोसळला. पुन्हां उभारला, तो १८२५ सालीं पार ढांसळला. तत्पूर्वींच बेकफर्डनें वाडा विकून टाकला होता. असल्या खटाटोपास ग्रँडिओज हें विशेषण शोभतें.

मनुष्याच्या संकल्पांसही हाच नियम लागू आहे. रोज दहा शब्द शिकून वर्षभर तो क्रम न मोडणें हा संकल्प ग्रँड. महिन्याभरांत सारा कोश पाठ करण्याची प्रतिज्ञा मात्र ग्रँडिओज. पालकांनींही मुलांच्या प्रतिज्ञा ऐकतांना हा भेद ध्यानांत ठेवावा.

त्या विद्यार्थ्यानें पत्र पुन्हां लिहिलें. ग्रँड शब्दही गाळला, आणि भाषणांतील कोणती गोष्ट आपल्या उपयोगीं पडली एवढेंच साध्या वाक्यांत लिहिलें. तें पत्र आम्हांस अधिक आवडलें.