‘ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत’: एका ठाम विधानाची किंमत

बँक खात्यातून परस्पर पैसे गेल्याची बातमी गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटात पोहोचली, की ‘ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत’ असे कोणीतरी लगेच ठामपणे सांगतो, आणि त्यानंतरची चर्चा पैसे कसे गेले याची न राहता, ज्याचे पैसे गेले त्याने काय केले असेल याची होते. ओटीपी म्हणजे एकाच व्यवहारापुरता चालणारा, नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना किंवा नेट बँकिंगमध्ये नवा लाभार्थी जोडताना तो मागितला जातो. यूपीआयच्या देयकाला मात्र ओटीपी नव्हे तर सहसा ग्राहकाने ठरवलेला पिन लागतो, आणि ‘एईपीएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आधार-आधारित देयक प्रणालीत ओटीपीही लागत नाही व पिनही लागत नाही. ही तिसरी पद्धत शहरातील बहुतेक सुशिक्षितांनी कधी वापरलेली नसते, म्हणून ती अस्तित्वातच नाही असे गृहीत धरून ते निवाडा देतात.

एईपीएस ही प्रणाली एनपीसीआय ही संस्था चालवते. जेथे बँकेची शाखा नाही अशा गावात बँकेचा व्यवसाय प्रतिनिधी, म्हणजे बँकेने नेमलेला किराणा दुकानदार, झेरॉक्सवाला किंवा तत्सम व्यक्ती, एका छोट्या यंत्रावर ग्राहकाचा आधार क्रमांक टाकतो, बँकेचे नाव निवडतो आणि ग्राहकाच्या बोटाचा ठसा घेतो; ठसा आधारच्या नोंदीशी जुळला की खात्यातून पैसे वळते होतात आणि प्रतिनिधी तेवढी रोकड ग्राहकाच्या हातात देतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार रुपये काढता येतात. खाते आधारशी जोडले की ही सोय सहसा आपोआप चालू होते आणि ती हवी आहे का, असे ग्राहकाला विचारले जाईलच असे नाही. ही व्यवस्था वाईट नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पैसे ज्यांच्या आधार-संलग्न खात्यात जमा होतात अशा असंख्य स्त्रियांना तालुक्याच्या गावी न जाता पैसे हातात मिळतात ते याच व्यवस्थेमुळे. तिचा कच्चा दुवा असा, की पिन बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

ठशाची नक्कल होऊ शकते, ही गोष्टही नवी नाही. यंत्र बोटावरील रेषा कोठे संपतात आणि कोठे दुभंगतात अशा सूक्ष्मबिंदूंची तुलना करते, आणि हे बिंदू कागदावरच्या स्पष्ट ठशातूनही उचलता येतात. २०१८ मध्ये तेलंगणातील पेद्दपल्ली जिल्ह्यात सिमकार्डे विकणाऱ्या एकाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील दस्तांमधून लोकांचे ठसे उचलून, त्यांच्या रबरी नकला बनवून, हजारो सिमकार्डे चालू केल्याचे उघडकीस आले होते. महाराष्ट्रातही खरेदीखताच्या किंवा भाडेकराराच्या नोंदणीकृत प्रतीत पक्षकारांची छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि त्याच दस्ताला जोडलेल्या झेरॉक्सवर पुष्कळदा संपूर्ण आधार क्रमांक असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठशाच्या सूक्ष्मबिंदूंबरोबर बोटाची प्रतिमाही तपासून ते बोट जिवंत आहे का, हे पाहणारी दुहेरी पडताळणी आणली, ती हा धोका खरा होता म्हणूनच.

प्रस्तुत लेखिका निवृत्त माध्यमिक शिक्षिका असून, तिच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून लागोपाठ दोन वेळा प्रत्येकी दहा हजार रुपये गेल्याचा संदेश तिच्या मोबाइलवर शनिवारी सायंकाळी आला. गटात विचारणा केली ती, असे आणखी कोणाचे झाले आहे का आणि तक्रार कोठे करावी, एवढ्याच हेतूने. मिळालेल्या उत्तरांत तक्रारीचा पत्ता कोणी दिला नाही. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका सदस्याने ‘ओटीपीशिवाय हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, बाई, नीट आठवून बघा’ असे लिहिले. बँकेतून निवृत्त झालेल्या दुसऱ्याने ‘बँक जबाबदार नाही, तुम्हालाच सिद्ध करावे लागेल’ असा निर्णय दिला. आणि ज्यांना या विषयातले काही ठाऊक नव्हते त्यांनी या दोघांच्या मताला अंगठे दाखवून बहुमत तयार केले. शाखेतील अधिकाऱ्यानेही पुढे हाच सूर लावला, तेव्हा दोन्हीकडचे शब्द इतके सारखे होते की ते एकाच ठिकाणी पाठ केलेले असावेत असे वाटावे.

उलगडा झाला तो खात्याच्या उताऱ्यातील एका ओळीमुळे. त्या दोन्ही नोंदींपुढे ‘एईपीएस’ ही अक्षरे आणि लेखिकेने आयुष्यात कधी पाहिलेल्या नसलेल्या राज्यातील एका गावाचे नाव स्पष्ट छापलेले होते. उतारा देणाऱ्या कर्मचाऱ्याने त्या ओळीवर बोट ठेवूनही ती वाचली नाही आणि ‘ऑनलाइन फ्रॉड’ असे म्हणून कागद पुढे सरकवला. त्यानंतर आधारच्या संकेतस्थळावरील प्रमाणीकरणाचा इतिहास पाहण्यात आला. आपला आधार गेल्या सहा महिन्यांत कोणी, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने तपासला याची, कमाल पन्नास नोंदींपर्यंतची, ही यादी कोणत्याही आधारधारकाला विनामूल्य पाहता येते. त्या शनिवारी, पैसे गेल्याच्या त्याच मिनिटांना, ‘बोटाचा ठसा, यशस्वी’ अशा नोंदी तेथे होत्या, आणि त्याआधी खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी केलेली एक नोंदही होती. म्हणजे ज्या ओटीपीवरून एका वयस्क स्त्रीला सर्वांसमक्ष जाब विचारण्यात आला, तो ओटीपी या व्यवहारात कधी निर्माणच झाला नव्हता; त्याची देवाणघेवाण शोधणे हे न घडलेल्या गोष्टीचा पुरावा मागणे होते.

ही नोंद गटात ठेवल्यावर जे झाले ते अधिक बोलके आहे. विधान बदलले, निवाडा बदलला नाही. आधी ‘ओटीपी दिला असणार’ होते, त्याचे ‘कोठली तरी लिंक दाबली असणार’ झाले, मग ‘बाईंनी कोठेतरी अंगठा दिला असणार’ आणि शेवटी ‘आधारची झेरॉक्स कशाला वाटत फिरायची’ असे झाले, जणू झेरॉक्स न देता या देशात घर भाड्याने देता येते किंवा गॅसची जोडणी मिळते. तंत्रज्ञानाविषयीच्या वादात एखादे मत त्याच्यामागचा पुरावा कोसळल्यावरही तसेच उभे राहते तेव्हा ते मत तंत्रज्ञानाविषयी नसून माणसाविषयी आहे हे ओळखावे. वृद्ध, स्त्रिया आणि कमी शिकलेले फसतात ते स्वतःच्या अज्ञानाने, हा समज सोयीचा असतो, कारण त्यामुळे बोलणाऱ्याला स्वतःचे खाते सुरक्षित वाटत राहते.

‘तुम्हालाच सिद्ध करावे लागेल’ हे कायद्याविषयीचे विधान तर सरळ उलटे होते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असल्याचे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे; सहकारी बँकांसाठी तशाच तरतुदी त्याच वर्षीच्या डिसेंबरात आल्या. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, तर व्यवस्थेत अन्यत्र कोठेतरी आहे, अशा प्रकारात ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याची जबाबदारी शून्य असते. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ती खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत, साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंत, असते. तक्रार मिळाल्यावर बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते, विम्याचे पैसे येण्याची वाट न पाहता, आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचे असते. सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित तरतूद दिवस मोजण्याची आहे: संदेश मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, आणि ग्राहकाच्या स्वतःच्या शाखेचे कामाचे दिवस तेवढेच मोजायचे. लेखिकेच्या तक्रारीवर ‘मुदत उलटली’ असा शेरा मारणाऱ्याने शनिवार, रविवार आणि त्यानंतरची सणाची सुट्टी हे सारे दिवस मोजले होते, आणि गटातील निवृत्त बँक अधिकाऱ्यांनीही तसेच मोजून दाखवले होते.

ही केवळ कागदावरची तरतूद नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, खात्याला परस्पर लाभार्थी जोडून सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये वळते केल्याच्या प्रकरणात, याच परिपत्रकाच्या आधारे बँकेला रक्कम परत करायला लावली. त्या खातेदारांना लाभार्थी जोडल्याचा ओटीपी आलाच नव्हता, ही बाब तेथे निर्णायक ठरली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने ९४,२०४ रुपये परत करण्याचा दिलेला आदेशही जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. लेखिकेची रक्कमही लेखी पाठपुराव्यानंतर बँकेने पूर्ण परत केली. ते गटात कळवल्यावर कोणीही पूर्वीचे विधान मागे घेतले नाही. ‘नशीबवान आहात’ असे मात्र एकाने लिहिले. हक्काने मिळालेल्या गोष्टीला नशीब म्हणणे हा त्या साऱ्या चर्चेतला सर्वांत बोचरा शेवट होता.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी म्हणून गटात काहीही विचारण्यापूर्वी १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर आणि बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कळवावे, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, आणि शाखा उघडताच लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पैसे गेल्याचा मूळ संदेश कधीही पुसू नये, कारण मुदत त्याच्यापासून मोजली जाते. बँकेने भरायला दिलेल्या छापील नमुन्यात ‘माहिती अन्य व्यक्तीस दिली होती’ अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण करून सही मागितली तर ती घाईने देऊ नये. शाखेतील माणूस ते केवळ औपचारिक आहे असे सांगेल, परंतु पुढे निष्काळजीपणाचा आरोप त्याच सहीवर उभा राहतो. अर्जात ‘पैसे परत करा’ एवढेच न लिहिता व्यवहाराचा प्रकार, संदर्भ क्रमांक, यंत्राचा क्रमांक, प्रतिनिधीचे नाव आणि त्याला नेमणाऱ्या बँकेचे नाव मागावे, आणि आधारच्या इतिहासाची छापील प्रत जोडावी. ज्यांनी खरोखरच ओटीपी सांगितला असेल त्यांनीही लाजेपोटी गप्प राहू नये. त्याच परिपत्रकाप्रमाणे, कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली वकिलाशिवाय आणि शुल्काशिवाय तक्रार करण्याची सोय आहे. धीर धरावा, कागद जपून ठेवावेत, बोलणी शक्यतो लेखी करावीत.

ज्यांना एईपीएसची गरज नाही त्यांनी एम-आधार ॲपमधून आपले ठसे कुलूपबंद करावेत. हवे तेव्हा ते थोड्या वेळापुरते उघडता येतात. दस्ताला जोडताना शेवटचे चारच आकडे दिसणारा झाकलेला आधार द्यावा. परंतु हा उपाय सर्वांना सरसकट सांगणे अन्यायाचे आहे. ज्या बाईला दर महिन्याचे अनुदान अंगठा देऊनच काढावे लागते, शिधाही अंगठ्यावरच घ्यावा लागतो आणि जिच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही, तिने कुलूप कसे लावायचे, याचे उत्तर चर्चेत सल्ले देणाऱ्यांपैकी कोणाकडेही नव्हते.

आणि गटात उत्तर देणाऱ्यांनी निदान इतके करावे, की ‘अशक्य’ हा शब्द लिहिण्यापूर्वी व्यवहार कोणत्या पद्धतीने झाला हे विचारावे, आणि नियम सांगायचा असेल तर त्याची तारीख सांगावी. ज्याला तारीख सांगता येत नाही त्याने आपण अंदाज सांगत आहोत असे म्हणावे. उचलली जीभ लावली टाळ्याला, या वृत्तीची किंमत बोलणारा मोजत नाही. ती शाखेच्या बाकावर बसलेला तक्रारदार मोजतो, आणि पुष्कळदा मुदत संपेपर्यंत स्वतःलाच दोष देत बसतो.

लेखिकेच्या प्रकरणातील एक प्रश्न अजून अनुत्तरित आहे. त्या दूरच्या गावात यंत्रासमोर कोण उभे होते, आणि खोटा ठसा स्वीकारून रोकड देणारा प्रतिनिधी कोण होता, हे बँकेने लेखी विचारूनही कळवलेले नाही. रिझर्व्ह बँकेने २७ जून २०२५ रोजी काढलेल्या आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांनुसार अशा प्रतिनिधींची नीट पडताळणी करणे, तीन महिने निष्क्रिय असलेल्यांची ती पुन्हा करणे आणि त्यांच्या व्यवहारांवर सतत लक्ष ठेवणे त्यांना नेमणाऱ्या बँकेला बंधनकारक आहे. म्हणून आता पैसे परत मिळाल्यावरही तक्रार मागे घेतल्याचे पत्र देऊ नये, आणि प्रतिनिधीवर कोणती कारवाई झाली हे त्याच तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा विचारावे.