एक ठोसा, अनेक नावे

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील सातवीची एक विद्यार्थिनी सांगलीहून तायक्वांदोच्या पट्ट्याची परीक्षा देऊन परतली, ती रडतच. परीक्षकांनी 'बारो जिरुगी' असा हुकूम दिला की ती एक हात चालवी आणि अपेक्षा दुसऱ्या हाताची असे. "डावे-उजवे कळत नाही का?" असे तिला चारचौघांत ऐकवण्यात आले. पुढे तीन आठवडे ती सरावाला उतरली नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. हातापायांच्या या विद्येत आम्हांस गती नाही. परंतु मूल चुकले की शब्दाने घोटाळा केला, हे तपासणे आमच्या विषयात मोडते.

कोरियन भाषेत 'जिरुगी' म्हणजे ठोसा, 'बारो' म्हणजे सरळ आणि 'बांदे' म्हणजे उलट. उजवा पाय पुढे असताना उजव्याच हाताने मारलेल्या ठोशाला १९६६ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशनच्या पद्धतीत 'बारो' म्हणतात. १९७२ साली सोल येथे उभ्या राहिलेल्या कुक्कीवॉनच्या पद्धतीत नेमक्या त्याच ठोशाला 'बांदे' म्हणतात; तेथे 'बारो' म्हणजे पुढच्या पायाच्या विरुद्ध हाताचा ठोसा. मुलीला शिकवणारे गुरुजी पहिल्या पद्धतीत तयार झालेले आणि परीक्षा दुसऱ्या पद्धतीची! एकच भाषा, एकच विद्या, तेच दोन शब्द. अर्थ मात्र परस्परविरुद्ध.

यांत खरा कोण, हा प्रश्न आम्हांस निरर्थक वाटतो. एकाच बाजूचे हात-पाय पुढे आले तर ते सरळ, असे म्हणता येते. पण माणूस चालताना डावा पाय पुढे पडतो तेव्हा उजवा हात पुढे येतो. त्या दृष्टीने पाहिले तर 'उलट' हेच सरळ ठरते. हा अर्थात आमचा तर्क.

कराटेतही असेच आहे. पाऊल पुढे टाकून त्याच बाजूच्या हाताने मारलेल्या ठोशाला शोतोकान शैलीत 'ओई-झुकी', म्हणजे पाठलागाचा ठोसा, म्हणतात. वाडो शैलीत त्यालाच 'जुन-झुकी' असे नाव आहे. वाडो शैलीचे प्रवर्तक ओत्सुका हे शोतोकानच्या फुनाकोशींकडेच शिकलेले, तरी नाव बदलले. विरुद्ध हाताचा तो 'ग्याकु-झुकी'. बॉक्सिंगवाला पाय न मोजता पुढचा हात तो 'जॅब' आणि मागचा हात तो 'क्रॉस' एवढेच पाहतो.

आपल्या बोलीला तर हात कोणता याच्याशी कर्तव्यच नाही. पाठीत बसतो तो गुद्दा, तोंडावर बसते ती बुक्की आणि सरळ रेटून येतो तो ठोसा. मारणाऱ्याने जपान-कोरियात नावे ठेवली, आपल्याकडे ती मार खाणाऱ्याने ठेवली असावीत! तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसलेल्या समाजाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

पालकांना तालमीचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. धोबीपछाड, मोळी, घिस्सा ही डावांची नावे पाहावीत. घाटावर कपडे आपटणाऱ्याचे, रानातून सरपण बांधून आणणाऱ्याचे श्रम त्यांत सामावले आहेत. धोबीपछाडीशी पुष्कळ जुळणाऱ्या फेकीला ज्युदोत 'सेओई-नागे', म्हणजे पाठीवर घेऊन फेकणे, असे म्हणतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवून आले. ढाक हा त्यांचा ख्यातीचा डाव. तेथल्या पंचांना तो शब्द ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते.

त्यानंतर आम्ही सभागृहाच्या फरशीवर खडूने दोन पावले काढली आणि फळ्यावर प्रत्येक ठोशापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: पुढचा पाय कोणता, मारणारा हात कोणता. नावे त्याखाली, ज्या त्या पद्धतीची. ती मुलगी एका कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सरावाला आली.

पुढच्या परीक्षेत रांगेत उभे राहण्यापूर्वी तिने परीक्षकांना विचारले, "सर, आपल्याकडे बारो म्हणजे कोणता हात?" त्यांनी आधी तिच्याकडे रोखून पाहिले आणि मग हात करून दाखवला.