बुद्धीचीही परीक्षा हवी



आपण स्वतःला बुद्धिवादी म्हणवतो. पण बुद्धी कोणाच्या कामी येते, हे क्वचितच विचारतो.

जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे १९२३ साली समाजसंशोधन संस्था स्थापन झाली. हिटलरच्या राजवटीने १९३३ साली ती बंद पाडली. पुढच्याच वर्षी तिला कोलंबिया विद्यापीठात आसरा मिळाला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले ते हेच विद्यापीठ. संस्थेचे विचारवंत होर्कहायमर व अडोर्नो यांच्यापुढे प्रश्न होता : विज्ञानात पुढारलेला देश रानटी कसा झाला? त्यांचे म्हणणे असे की, आधुनिक बुद्धी 'कसे करावे' एवढेच पाहू लागली. 'कशासाठी करावे' हे विचारणे तिने सोडले.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की परंपरा, ग्रंथ किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका. हे आपल्याला पाठ आहे. परंतु केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नका, हेही त्याच उपदेशात आहे. त्याने लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो, ही खरी कसोटी. बाबासाहेबांनीही प्रज्ञेला तलवारीची उपमा दिली. शीलवानाच्या हाती ती रक्षण करते, शीलहीनाच्या हाती घात.

आपल्या रायगड जिल्ह्यातले उदाहरण घ्या. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीने घेतले. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागे घेतला. दावा चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपला विजय झाला. पण कशावर? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे सिद्ध झाले नाही, यावर. ती सिद्ध झाली असती तर? 'किती जुनी' हा कायद्याचा प्रश्न होता. 'न्याय्य आहे का' हा सत्याग्रहींचा.

पळस्पे फाट्यावरून एक रस्ता पुण्याला जातो, दुसरा महाडवरून गोव्याकडे. कोणत्या रस्त्याला लागायचे हे गाडीचा वेग ठरवत नाही. पदवीचेही तसेच आहे. शिकलेल्या हाताने हिशेब अचूक केला, पण वस्तीकडे पाठ फिरवली, तर ती प्रज्ञा अपुरी.

चर्चेसाठी प्रश्न :
१. तर्कशुद्ध असूनही अन्याय्य असलेला एखादा नियम सांगा.
२. आपले शिक्षण आपण कोणत्या कसोटीवर तपासू?

जय भीम! नमो बुद्धाय!